बोलायचं, पण कुठे बसून?

(दृश्य: व्हिडिओ कॉल अडखळतो. कॅमेरा बंद होतो, आवाज तेवढा राहतो.)

श्रीमंत देशांत दर लाख लोकांमागे मानसिक आरोग्याचं काम करणारे ६० हून अधिक जण आहेत. गरीब देशांत दोनसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अहवाल हे सांगतो. आणि जे थोडेफार आहेत, ते बहुतेक मोठ्या शहरांत. मग उरतो तो मोबाइल: मनाच्या किंवा करिअरच्या प्रश्नांवर फोनवरून, अॅपवरून समुपदेशन.

लेबनॉनमध्ये याच संघटनेने आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ‘स्टेप-बाय-स्टेप’ हा मोबाइलवरचा कार्यक्रम आणला. नैराश्यातून सावरणाऱ्या माणसाची सचित्र गोष्ट, पाच सत्रांत. जोडीला एक ‘ई-हेल्पर’. तो डॉक्टर नाही, प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस. आठवड्यातून साधारण पंधरा मिनिटं फोनवर किंवा मेसेजवर विचारपूस करायची, एवढंच त्याचं काम. सीरियन निर्वासितांवरच्या चाचणीत नैराश्य कमी झालेलं दिसलं. मात्र अनेकांनी कार्यक्रम मध्येच सोडलाही.

करिअरच्या प्रश्नांचं त्या मानाने सोपं. कोणता कोर्स, कोणती शिष्यवृत्ती, हे व्हॉइस मेसेजवर निभावतं. उत्तर उद्या आलं तरी बिघडत नाही.

(दृश्य: एका खोलीचं घर. घरात माणसं. फोन एकच.)

मनातलं बोलायचं तर दार लावून बसायला जागा लागते. नवऱ्याबद्दलची तक्रार नवऱ्याच्याच फोनवरून कशी सांगणार? म्हणून जाणकार समुपदेशक सुरुवातीलाच विचारतात, “जवळ कोणी आहे का?” असेल तर प्रश्न असे, की ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं तरी भागावं. कोणी खोलीत आलंच, तर विषय बदलायला एक शब्द आधीच ठरलेला. चॅट पुसायची आठवणही तेच करून देतात. आणि पत्ता, जवळच्या माणसाचा नंबर हे सगळं पहिल्याच कॉलमध्ये विचारून घेतलेलं बरं. पलीकडची व्यक्ती जिवाचं बरंवाईट करायला निघाली, तर शेकडो किलोमीटरवरून धावून जाता येत नाही.

भारताने १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा सुरू केली. १४४१६ हा नंबर मोफत, आणि साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. अॅपच्या झगमगाटापेक्षा मला हे शहाणपणाचं वाटतं.

(दृश्य: हेडफोन काढून ठेवणारी समुपदेशक.)

दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्या या माणसांचं कोण ऐकतं? लेबनॉनच्या कार्यक्रमात ई-हेल्परवर अनुभवी मानसशास्त्रज्ञांची देखरेख होती. अॅप बनवताना हा खर्च पहिल्याच दिवशी धरायला हवा.