रिपोर्टावरचे पूर्ण नाव

(दृश्य : बांबोळी, सकाळ. कदंबच्या बसमधून उतरणारे रुग्ण आणि नातेवाईक. हातांत एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या.)

वाळपईहून, पेडण्याहून, काणकोणहून निघालेली माणसे सकाळी बांबोळीच्या थांब्यावर उतरतात. गोव्याच्या कोणत्याही टोकाला राहणाऱ्या रुग्णाची वाट शेवटी गोमेकॉला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाला, येऊन मिळते. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या या इस्पितळाच्या ओपीडीत जी गर्दी दिसते आहे, तिच्यातील काहींच्या मानेत, काखेत किंवा जांघेत एक न दुखणारी गाठ आहे. ती दुखत नाही हीच तिची मोठी अडचण आहे, कारण जे दुखत नाही त्यासाठी काजूचा हंगाम, चवथ किंवा मुलांच्या परीक्षा बाजूला ठेवून इस्पितळ गाठायला सहसा कोणी तयार होत नाही.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शरीरात शिरणाऱ्या जंतूंशी झुंजतात. रक्ताप्रमाणेच शरीरभर पसरलेल्या लसिकाग्रंथी, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथेही त्यांचा वास असतो. त्यांतील एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली की जो कर्करोग होतो तो लिम्फोमा. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन अशी त्याची दोन मोठी कुळे आहेत आणि त्यांत मिळून साठांहून अधिक प्रकार आहेत. काही प्रकार आठवड्यांत वाढतात, तर काही दहा-दहा वर्षे संथ राहतात. त्यामुळे ‘लिम्फोमा आहे’ एवढे कळणे रुग्णाच्या उपयोगाचे नाही. कोणता लिम्फोमा, हे डॉक्टरांइतकेच रुग्णालाही ठाऊक असले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

(दृश्य : डिचोली तालुक्यातील एक घर. निवृत्त शिक्षक ओसरीवर बसून फाईल उघडतात. कागदांवरून फिरणारे बोट.)

मास्तरांच्या मानेतील गाठ पहिल्यांदा दिसली ती दाढी करताना. आपल्या देशात मानेतील गाठ क्षयरोगाची असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात टीबी प्रथम येणे स्वाभाविक आहे. मात्र एका खाजगी दवाखान्यात गाठीचा तुकडा न तपासताच त्यांना टीबीच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या. गाठ वाढतच राहिली. पुढे दुसऱ्या ठिकाणी सुईने पेशी काढून तपासणी झाली, तिचा अहवाल ‘संशयास्पद’ असा आला आणि त्यावर आणखी काही आठवडे गेले.

सुईची तपासणी स्वस्त आहे, लवकर होते आणि टीबी ओळखायला तिची मदतही होते. परंतु सुईच्या टोकाला येतात त्या सुट्या पेशी. गाठीच्या आतील रचना, म्हणजे कोणत्या पेशी कुठे आणि कशा मांडल्या आहेत, ते सुई सांगू शकत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार पुष्कळदा त्या रचनेवरच ठरतो. म्हणून शक्य असेल तिथे संपूर्ण गाठ शस्त्रक्रियेने काढून तपासणे हाच भरवशाचा मार्ग मानला जातो. आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. बायॉप्सीपूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते, रुग्णाला बरे वाटते, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात निदान सापडेनासे होते.

(दृश्य : पॅथॉलॉजी प्रयोगशाळा. मेणाचे ठोकळे, मायक्रोटोम, कोमट पाण्यावर तरंगणारी पातळ फीत. हा भाग सावकाश.)

शस्त्रक्रियागृहातून निघालेली गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवून येथे येते. फॉर्मलिन तिच्यात पूर्ण मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो. ‘रिपोर्ट अजून कसा नाही?’ असे विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने हे पाहावे म्हणून आम्ही कॅमेरा येथे बराच वेळ ठेवला. मुरलेल्या तुकड्यातील पाणी अल्कोहोलने काढतात, मग तो वितळलेल्या मेणात बसवतात. मायक्रोटोम या यंत्रावर त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापलेली फीत कोमट पाण्यावर सोडली की तिच्या सुरकुत्या निघतात आणि तंत्रज्ञ ती काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेतात. या कामात हात थरथरला तर काप फाटतो.

त्यानंतर रंग. जांभळा रंग पेशींच्या केंद्रकांना, गुलाबी उरलेल्या भागाला. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली सात रुग्णांच्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले, ते केवळ डोळ्यांनी पाहून. त्या आजाराला त्यांचे नाव मिळाले ते १८६५ मध्ये, सॅम्युएल विल्क्स यांच्यामुळे. आणि आता पडद्यावर जी मोठी, दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखून पाहणारी पेशी दिसते आहे, तिचे नेमके वर्णन १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी केले. रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसली की हॉजकिन लिम्फोमाची दाट शंका घेतली जाते.

शंका पक्की करण्यासाठी आणखी एक पायरी असते, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा त्यात तपकिरी रंगात उमटतात. सीडी-३० आणि सीडी-१५ उमटले तर कल हॉजकिनकडे. सीडी-२० उमटले तर ती बहुधा बी-लिम्फोसाइट जातीची पेशी असते, आणि त्याच सीडी-२० ला जाऊन चिकटणारे रिटुक्सिमॅब हे औषध वापरता येते. अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेल्या या औषधाने बी-पेशींच्या लिम्फोमांचा उपचार पालटून गेला. म्हणजे रिपोर्टाच्या शेवटच्या दोन ओळींत उपचाराची दिशा लिहिलेली असते, आणि नेमक्या त्याच ओळी बहुतेक रुग्णांना कोणी वाचून दाखवलेल्या नसतात. मास्तरांच्या रिपोर्टावर लिहिले होते : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. नॉन-हॉजकिनमध्ये सर्वाधिक आढळणारा, वेगाने वाढणारा, तरीही पूर्ण बरा होण्याची चांगली शक्यता असलेला प्रकार.

(दृश्य : पेट-सीटी स्कॅनची पडद्यावरील प्रतिमा. छाती आणि मानेतील उजळ ठिपके.)

पेट स्कॅनसाठी रुग्णाला सुमारे सहा तास उपाशी ठेवतात आणि किरणोत्सारी फ्लुओरीन जोडलेली साखर शिरेतून देतात. हे फ्लुओरीन ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून दिलेली वेळ पाळणे फार महत्त्वाचे असते. आजार कुठवर पसरला आहे ते या स्कॅनमध्ये दिसते आणि त्यावरून त्याची पायरी, म्हणजे स्टेज, ठरते. श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांमधील पडद्याच्या, एकाच बाजूच्या गाठी असतील तर पहिली किंवा दुसरी पायरी, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरी, यकृत किंवा अस्थिमज्जेसारख्या अवयवांत आजार पसरला असेल तर चौथी. पायरीसोबत ‘बी’ अक्षर असेल तर त्याचा अर्थ ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घटलेले वजन. चौथी पायरी ऐकताच घरात जी शांतता पसरते, तिच्यासाठी एवढेच सांगतो की इतर अनेक कर्करोगांत या शब्दाला जो अर्थ आहे तो लिम्फोमात नाही. चौथ्या पायरीवरूनही लिम्फोमाचे पुष्कळ रुग्ण बरे होतात.

(दृश्य : डे-केअर कक्ष. सिरिंजमधील लाल औषध सावकाश शिरेत जाताना. सिस्टरचे हात.)

हे लाल औषध डॉक्सोरुबिसिन. दिवसभर लघवी लालसर होते, घाबरण्याचे कारण नाही. मास्तरांना आर-चॉप ही औषधांची जुळणी मिळाली, दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा फेऱ्या. वाळपईच्या या तरुणीला हॉजकिन लिम्फोमा आहे, तिला एबीव्हीडी ही औषधांची वेगळी जुळणी मिळते, दर पंधरवड्याला. शेजारच्या खाटेवरील बाईंनी ‘मला एकवीस दिवसांनी बोलावतात, तुला का इतक्या लवकर?’ असे विचारले तेव्हा ती रात्रभर जागी राहिली. आजाराचे नाव वेगळे म्हणून वेळापत्रक वेगळे, एवढे एक वाक्य तिला वेळेवर कोणी सांगायला हवे होते. पुढे अपत्य हवे असेल तर बीजांडे किंवा वीर्य जतन करण्याविषयी पहिल्या फेरीआधी विचारायचे असते. हा प्रश्न घरच्यांसमोर संकोचाने राहून जातो.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर ती आणीबाणी समजावी. क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्री दोन वाजता असला तरी १०८ ला फोन करावा. पावसाळ्यात सत्तरीतील वाड्यांवरून निघायला उशीर होतो, म्हणून थर्मामीटर, फाईल आणि कपड्यांची पिशवी या दिवसांत दाराजवळ तयार असावी.

(दृश्य : स्वयंपाकघर. उकड्या तांदळाची पेज. वाटीत तोराचे लोणचे, ते बाजूला सरकवणारा हात.)

तोंड सोलवटलेले असताना पेज चालते, तोराचे लोणचे चालत नाही. मासे चालतात, पूर्ण शिजवलेले. कापून ठेवलेली फळे आणि कच्च्या कोशिंबिरी या दिवसांत नकोत. झाडपाल्याचे औषध घ्यायचेच असेल तर ते आपल्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे, कारण केमोचा भार आधीच यकृतावर असतो.

(दृश्य : मडगाव स्थानक, संध्याकाळ. मुंबईकडे निघालेली कोकणकन्या.)

काहींना मुंबईला, टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून हा प्रवास एका रात्रीचा झाला आहे. परळमधील ज्या रस्त्यावर टाटा रुग्णालय उभे आहे, त्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय वंशाच्या कर्करोग शल्यविशारदांचे नाव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि थ्री-टियर एसी डब्यांत भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्याला त्याच डब्यांत पंचाहत्तर टक्के. त्यासाठी इस्पितळाचे प्रमाणपत्र लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची राहण्याची सोय होते. गोव्यातील खर्चासाठी २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचे कार्ड निदान होण्यापूर्वीच काढून ठेवावे आणि दरवर्षी न विसरता नूतनीकरण करावे.

(दृश्य : फोंडा. वाचनालयाच्या सभागृहात वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. मास्तरांच्या हातात लांब वही.)

महिन्यातून एका रविवारी येथे लिम्फोमाचे रुग्ण आणि त्यांची माणसे जमतात. ही नोंदणीकृत संस्था नाही, वर्गणी नाही, व्यासपीठ नाही. बोलणे कोकणीत चालते आणि लिहिणे मराठीत, कारण इथल्या घरांत वर्तमानपत्र मराठीच येते. वहीत रुग्णाच्या नावापुढे पहिला रकाना आहे तो रिपोर्टावरील पूर्ण नावाचा. ते देवनागरीत लिहायचे आणि लिहिताना मोठ्याने वाचायचे, असा मास्तरांचा आग्रह आहे.

पेडण्याच्या या बागायतदारांच्या रकान्यात ‘फॉलिक्युलर लिम्फोमा’ आहे. डॉक्टरांनी त्यांना औषध दिले नाही, ठरावीक महिन्यांनी तपासायला बोलावले. डॉक्टरांनी हात टेकले, असा घरच्यांनी त्याचा अर्थ घेतला आणि मुलाने जमीन विकून परराज्यात नेण्याची तयारी केली. या संथ प्रकारात त्रास नसताना थांबून लक्ष ठेवणे हाच मान्य उपचार असतो, हे त्यांना याच खुर्च्यांवर बसून कळले. आणखी दोघांकडून कळले, जे स्वतः तसेच थांबले आहेत. त्यांची बाग अजून त्यांच्याच नावावर आहे.

वहीतील काही पाने आता पुढे लिहिली जात नाहीत. गेल्या पावसाळ्यात या गटातील दोघे गेले.

आजार उलटला तरी वाटा संपत नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-लिम्फोसाइट पेशी काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठी बदलून, पुन्हा शरीरात सोडणे. हा उपचार बी-पेशींच्या उलटलेल्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठी (ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग) आहे, सर्वांसाठी नाही. आपल्यासाठी आहे का, याचे उत्तरही पुन्हा त्या रकान्यातूनच सुरू होते.

(दृश्य : वाळपईची तरुणी वहीत लिहिते. फळ्यावर प्रश्न.)

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या : माझ्या लिम्फोमाचे पूर्ण नाव काय, तो कोणत्या पायरीवर आहे, उपचार कोणता आणि किती फेऱ्यांचा, ताप आल्यास रात्री कोणाला फोन करायचा. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरना विचारा, पण उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्या. बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट आणि मेणाचे ठोकळे ही तुमची ठेव आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे ठरले तर ते ठोकळे मागून घेता येतात. आणि कागद कोणाला तरी दाखवावासा वाटला, तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता फोंड्याला या, येताना रिपोर्टाची एक झेरॉक्स आणा.