रिकामं पाकीट, क्रमांक ८१९१

[दृश्य: जव्हार तालुका, पालघर जिल्हा. सकाळ, धुकं. कौलारू घर. छपरावर चढलेला माणूस छत्री फिरवतोय. मूळ आवाज तसाच ठेवायचा.]

"आलं का?"
"नाय अजून!"
"आता?"
"आलं, आलं! ऱ्हाऊ दे तिथंच!"

निवेदन:
छपरावरून आणि घरातून एकमेकांना घातलेल्या या हाका महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकू येतील. छत्री जरा जास्त इकडची तिकडे झाली की पडद्यावर काही दिसत नाही. नीट बसली की सगळं दिसतं.

[दृश्य: छत्रीचा क्लोज-अप, मागे सागाचं झाड.]

बघणाऱ्याला वाटतं, छत्री समोरच्या सागाकडे तोंड करून उभी आहे. प्रत्यक्षात तिची नजर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर आहे. आकाशातून आलेली लहर तिरपी येते, पत्र्यावर आपटते आणि खाली पुढे आलेल्या दांडीवरच्या एलएनबी नावाच्या छोट्या यंत्रात जाऊन पडते. छत्रीची घडणच तशी. तिचा नेम जिथे लागलाय तिथे, निकोबारच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. पृथ्वी फिरते त्याच गतीने तोही फिरतो, म्हणून या घरावरून पाहिलं तर तो कधीच हलत नाही. छत्री एकदा बसवली की बसवली.

[दृश्य: एलएनबी उघडून टेबलावर. स्क्रू-ड्रायव्हर, हात.]

हे एलएनबी. येणारी लहर ११ गिगाहर्ट्झच्या घरातली. तशीच तारेतून खाली सोडली तर घरात पोचेपर्यंत विरून जाईल. म्हणून हा मुठीएवढा डबा आधी तिला मोठी करतो आणि मग एक-दोन गिगाहर्ट्झपर्यंत खाली उतरवतो. पुढे काळी तार, भिंतीतलं भोक आणि सेट टॉप बॉक्स, म्हणजे टीव्हीजवळचा डबा.

[दृश्य: सेट टॉप बॉक्सला जोडलेला लॅपटॉप. पडद्यावर आकडे पळताहेत.]

इथे थोडं थांबू या, कारण ही फिल्म या आकड्यांसाठीच केली आहे.

डिजिटल टीव्ही म्हणजे पाकिटांची रांग. चित्र, आवाज, सगळं सारख्या मापाच्या पाकिटांत भरलेलं असतं. प्रत्येक पाकीट १८८ बाइटचं, आणि प्रत्येकाचा पहिला बाइट एकच, ७१. ही खूण दिसली की डब्याला कळतं, इथून नवं पाकीट सुरू झालं. पुढे पत्ता असतो, ० ते ८१९१ मधला एक आकडा. अमुक पत्त्यावर बातम्यांचं चित्र, तमुक पत्त्यावर त्याच बातम्यांचा आवाज. तुम्ही रिमोटवर वाहिनी बदलता तेव्हा आकाशात काहीच बदलत नाही. सगळ्या वाहिन्यांची पाकिटं अंगणात पडतच असतात, डबा फक्त वेगळ्या पत्त्याची उचलायला लागतो.

[दृश्य: पडद्यावरची एक ओळ ठळक: ८१९१.]

आता हा शेवटचा पत्ता बघा, ८१९१. या पत्त्यावर कुणीच राहत नाही.

उपग्रहाकडे जाणारा प्रवाह ठरलेल्या वेगानेच वाहावा लागतो, कमी नाही, जास्त नाही. चित्रांची गरज मात्र क्षणाक्षणाला बदलते. क्रिकेटच्या मैदानाला खूप पाकिटं लागतात, खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाला थोडी. उरलेली जागा भरून काढायला पाठवणारं केंद्र रिकामी पाकिटं सोडतं. प्रवासी असोत नसोत, एसटी वेळेवर सुटते, तसं. ही रिकामी पाकिटं उपग्रहापर्यंत जातात, परत खाली येतात, या कौलांवर उतरतात, तारेतून घरात शिरतात. डबा पत्ता वाचतो, ८१९१, आणि पाकीट टाकून देतो.

[दृश्य: आकडे पळताहेत. निवेदन नाही, १० सेकंद.]

त्या पाकिटात पाठ्यपुस्तक घालता येतं. पुढच्या पाच दिवसांचा हवामानाचा नकाशा, शासन निर्णय, भरतीची जाहिरात, पशुवैद्यकाने दाखवलेली लसीकरणाची चित्रफीत, जी जी म्हणून संगणकाची फाइल असेल ती घालता येते. इंटरनेटचं पाकीट टीव्हीच्या पाकिटात कसं बसवायचं याची पद्धत युरोपातल्या डीव्हीबी या डिजिटल टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवली. १९९६ मध्ये अमेरिकेत ह्यूज कंपनीने डायरेकपीसी नावाने उपग्रहावरचं इंटरनेट घराघरांत विकलं. मागणी जायची टेलिफोनच्या तारेतून आणि उत्तर यायचं आकाशातून, सेकंदाला ४०० किलोबिट वेगाने. त्या काळातल्या मोडेमच्या दहापट आणि वर.

आपल्याकडच्या डब्यांनाही हे काम नवं नाही. "यानंतर काय लागणार आहे" ही यादी रिमोटचं बटण दाबल्यावर दिसते, ती कुठून येते? डब्यातलं सॉफ्टवेअर रात्रीतून बदलतं, ते कुठून? याच प्रवाहातून, अशाच पाकिटांमधून.

[दृश्य: चिंचणीजवळची जुनी विहीर. रहाटाची गाडगी फिरताहेत.]

एक अडचण आहे. आकाशातून फाइल येत असताना नेमकी वीज गेली, किंवा जव्हारचा पाऊस कोसळला आणि मधली पाकिटं बुडाली, तर? खालून वर "पुन्हा पाठवा" असं सांगायची सोय नाही. म्हणून ती फाइल रहाटगाडग्यासारखी फिरवत ठेवतात. हे गाडगं हुकलं तर फेरी पूर्ण करून तेच पुन्हा वर येतं. डब्याने गाळलेले तुकडे तेवढे भरून घ्यायचे. शिवाय प्रत्येक १८८ बाइटच्या पाकिटाला वाटखर्चासारखे आणखी १६ बाइट बांधून दिलेले असतात. वाटेत आठपर्यंत बाइट बिघडले तरी त्या हिशेबावरून डबा ते दुरुस्त करतो.

नेहमीच्या मांडणीत उपग्रहाचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेली लहर झेलून परत खाली पाठवणारं यंत्र, सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट खाली ओततो. पूर्ण ट्रान्सपाँडर मिळाला तर एक जीबी साडेतीन मिनिटांत. आणि हे साडेतीन मिनिटांचं गणित एका घरासाठी जितकं खरं, तितकंच या उपग्रहाच्या टप्प्यातल्या सगळ्या घरांसाठी. मोबाइलच्या टॉवरवर गावातले दोनशे फोन एकदम लागले की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा येतो. इथे घेणारे वाढले म्हणून कुणाचं कमी होत नाही. दूरदर्शनची मोफत डिश सेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि आज चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज आहे. म्हणजे चार कोटी नळ बसवून झालेत.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शेतात उभी जाळीची भलीमोठी छत्री, भोवती मुलं.]

हे स्वप्न आजचं नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष, भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसत होता. प्रयोगाचं नाव साइट. उपग्रह नासाचा, एटीएस-६. वर्षभरासाठी उसना घेतलेला. खालची यंत्रणा इस्रोने उभी केलेली. छायाचित्रातली ही छत्री नीट बघा. दहा फूट व्यासाची, आणि जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. लहर लांब होती, त्यामुळे जाळीच्या भोकांतून निसटत नव्हती. जाळी स्वस्त, हलकी, आणि वारा आरपार जाऊ देणारी.

सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच. एका चित्रासोबत दोन आवाज पाठवायची सोय होती, म्हणजे तेच चित्र दोन गावांत दोन भाषांतून बोलायचं. एका प्रवाहात एकापेक्षा जास्त गोष्टी घालायच्या, हा विचार तेव्हाच होता.

[दृश्य: एकनाथ चिटणीस यांचं छायाचित्र.]

या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ वसंत चिटणीस. कोल्हापुरात १९२५ मध्ये जन्मलेले. विक्रम साराभाईंच्या पहिल्या फळीतले. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, शंभरी पूर्ण करून, पुण्यात गेले. साइटमध्ये महाराष्ट्रातलं एकही गाव नव्हतं, पण तो उभा करणाऱ्या हातांत हे मराठी हात होते. आपल्या शाळांमधून त्यांचं नाव मुलांना सांगितलं जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: जीएसएलव्हीचं उड्डाण, संग्रहित.]

२० सप्टेंबर २००४, श्रीहरिकोटा. एज्युसॅट, फक्त शिक्षणासाठीचा आपला पहिला उपग्रह. त्याच्या आधीच्या चाचण्या इन्सॅट-३बी वापरून झाल्या आणि त्यांत नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. २०१० मध्ये एज्युसॅट थांबला. २०१७ पासून स्वयंप्रभा, करोनाच्या काळात पीएम ई-विद्या, आणि या सगळ्या टीव्हीच्या वाहिन्या. धडा लागतो तेव्हा समोर असाल तर बघा. तो डब्यात उतरवून ठेवता यावा, पेन ड्राइव्हवर घेऊन पाड्यावरच्या शाळेत न्यावा, यासाठी नवा उपग्रह लागत नाही. लागते ती त्याच प्रवाहात थोडी राखीव जागा आणि डब्यात थोडं जास्तीचं सॉफ्टवेअर.

[दृश्य: खामलोली, पालघर तालुका. रस्ता, झाडी, टेकडी. मनोऱ्यावरचा अँटेना.]

आता परतीची वाट. गावाला फक्त घेऊन भागत नाही, पाठवायचंही असतं. अर्ज, फोटो, पैसे.

हे खामलोली. मुंबई आयआयटीतल्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी इथे टीव्हीच्याच लहरी दुसऱ्या कामाला लावल्या. दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखलेला होता. आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्यांची जागा. देशभर दूरदर्शनचे चौदाशेहून अधिक प्रक्षेपक होते, पण कुठल्याही एका गावात त्यातल्या एक-दोनच वाहिन्या लागायच्या. या मंडळींनी प्रत्येक मनोऱ्याची उंची आणि ताकद घेऊन देशभराचा हिशेब मांडला. जवळजवळ सगळीकडे पंधरापैकी किमान बारा जागा कोऱ्या निघाल्या.

[दृश्य: पानांमधून दिसणारा अँटेना. वारा.]

पट्टा हाच का, ते या झाडीकडे बघून कळतं. वायफायची लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची. पानं, ओल, फांद्या तिला गिळतात. टीव्हीच्या या पट्ट्यातली लहर अर्ध्या मीटरहून मोठी. ती झाडीतून वाट काढते, टेकडीच्या कडेवरून थोडी वळते. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते आणि थांबते, पाडे मात्र डोंगरभर विखुरलेले. मधला हा टप्पा टीव्हीच्या लहरीने ओलांडायचा, पाड्यावर पोचल्यावर वायफाय करायचं. कुठली वाहिनी कुठे कोरी आहे हे यंत्राने आधी नोंदवहीला विचारायचं, मगच बोलायचं. दूरदर्शनला धक्का लागता कामा नये, ही अट पहिली. सात गावांत हे जाळं बसवलं गेलं. याच कामातून उभ्या राहिलेल्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं, १,२५,००० डॉलर.

टीव्हीच्या पट्ट्याची परवानगी प्रयोगापुरती होती. ती सर्वांसाठी खुली झाली नाही. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने प्रक्षेपकही बंद झाले.

[दृश्य: अंगणवाडीच्या पायरीवर फोनभोवती जमलेल्या मुली. मूळ आवाज. निवेदन नाही, २५ सेकंद.]

[दृश्य: पुन्हा जव्हारचं घर. संध्याकाळ. छत्री. आत टीव्हीचा निळा उजेड.]

हा पट्टा जनतेचा आहे. उपग्रह जनतेच्या पैशाचा आहे. छपरावरची छत्री या घराने स्वतःच्या पैशाने घेतली आहे. यांच्यामध्ये जी जागा रोज रिकामी जाते, ती आधी शाळेला, आरोग्य केंद्राला आणि शेतकऱ्याला द्यावी, आणि हे दूरदर्शननेच करावं. आयआयटी कानपूरमध्ये आता टीव्हीच्या लहरी थेट फोनवर उतरवण्याचं काम चालू आहे. ते येईल तेव्हा येईल. छत्री आज इथे आहे.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा, आकडे.]

ही फिल्म सुरू होऊन बारा मिनिटं झाली. तेवढ्या वेळात एका ट्रान्सपाँडरमधून या अंगणात तीन जीबीहून जास्त उतरलं.

[दृश्य: ८१९१ ची ओळ. आकडा वाढतोय. आतून बाईचा आवाज, "बंद कर रे आता, जेवायला ये." आकडा वाढत राहतो. काळा पडदा.]