लढाईच्या आदला भाग

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पोरं अंतराळातल्या साहसाची ॲनिमेशन मालिका बघत असतील, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. शेवटच्या मोठ्या लढाईच्या आधी एक भाग असा असतो, ज्यात लढाई होतच नाही. मंडळी नकाशा बघतात, यान दुरुस्त करतात, आपसात भांडतात. पोरं कंटाळून म्हणतात, आज काहीच झालं नाही. बनवणाऱ्याचा कस मात्र याच भागात लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चार-पाच जणांनी मिळून असा सहा मिनिटांचा भाग करायचा ठरवला तर सुरुवात कुठून करावी आणि गाडी कुठे अडते, ते आज बघू.

सुरुवात चित्रापासून करू नका, हिशेबापासून करा. शत्रू चंद्राच्या पलीकडे दडलाय, आपली माणसं पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर आहेत, असं धरू. चंद्रापर्यंत जायला किती वेळ? 1969 साली अपोलो 11 ला साधारण तीन दिवस लागले होते, तेवढेच धरा. माणसाला दिवसाला सुमारे 840 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाच जणांना झाला 4 किलो 200 ग्रॅम. आता टाकीत 8 किलो 400 ग्रॅमच ठेवा. पाच जणांना तो दोनच दिवस पुरतो. चौघे गेले तर अडीच दिवस, म्हणजे तरीही कमीच. तिघे गेले तरच तीन दिवस निघतात, वर थोडा उरतो. परतीचा ऑक्सिजन शत्रूच्या तळावरून काढून घ्यायचा. बघा, संवाद लिहायच्या आधीच भांडण तयार झालं:

"हवा किती शिल्लक हाय?"
"दोन दिसांची. खरं वाट तीन दिसांची हाय."
"मग दोघांनी मागं राहायचं की."
"कुणी?"

हा "कुणी?" म्हणजे तुमचा अख्खा भाग. पुष्कळ जण इथे चुकतात. जोरकस संगीत लावतात आणि पट्टे आवळणारे हात, बंद होणारी दारं, पेटणारे दिवे एकामागून एक दाखवतात. दीड मिनिट जातं आणि कथा तिथल्या तिथेच राहते. तयारीच्या प्रत्येक शॉटमुळे पुढे लढाईत काहीतरी घडलं पाहिजे. पाना हुकाला अडकवायचा राहिला असेल, तर पुढे तो तरंगत येऊन दारात अडकलाच पाहिजे. पुढे काही होणार नसेल तर तो शॉट काढून टाका.

बेताचाही एक जुना नियम आहे. बेत प्रेक्षकाला पूर्ण ऐकवलात तर लढाईत तो फसला पाहिजे, नाहीतर तीच गोष्ट लोकांना दोनदा बघावी लागते. बेत यशस्वी करायचा असेल तर नकाशावर बोट ठेवा आणि तिथेच शॉट तोडा. आपल्या गोष्टीत यान चंद्राआड गेलं की रेडिओ बंद पडतो, कारण लहरी चंद्रातून आरपार जात नाहीत. तिथून पुढचा बेत झाकून ठेवायला याहून चांगली जागा सापडायची नाही.

सहा मिनिटं म्हणजे 360 सेकंद. ते असे वाटावेत: शत्रूची खबर 40 सेकंद, नकाशा आणि बेत 90, यानाची तयारी 120, भांडण 60, शांतता 30, निघणं 20. शॉट सरासरी चार सेकंदांचा धरला तर नव्वद शॉट होतात. पडद्यावर सेकंदाला 24 स्थिर चित्रं सरकतात, त्यांना फ्रेम म्हणतात. म्हणजे 8,640 फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र ठेवलं तरी 4,320 चित्रं होतात, आणि एवढी कुणी काढत नाही. धरून ठेवलेले शॉट, पुन्हा वापरलेली पार्श्वभूमी, नुसती सरकवलेली चित्रं यांच्या जोरावर काम बाराशे चित्रांत बसवावं लागतं. चौघांनी रोज पाच-पाच चित्रं पक्की केली तर साठ दिवस.

चित्रं वाचवायला अंतराळ स्वतःच मदत करतं. पृथ्वी ते चंद्र संदेश जायला सुमारे 1.3 सेकंद लागतात, उत्तर यायला तेवढेच. तळावरून प्रश्न विचारला की उत्तराला 2.6 सेकंद, म्हणजे 62 फ्रेम. तेवढा वेळ चेहरा धरून ठेवा, फक्त एकदा पापणी लवू दे. चित्रं दोन-तीनच लागतात आणि ताण मात्र संवादापेक्षा जास्त येतो.

तरंगणारी माणसं हा दुसरा फायदा, पण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. नवशिका ॲनिमेटर माणसाला पाण्यात डुलवल्यासारखा वरखाली हलवतो. वजनरहित अवस्थेत माणूस भिंतीला ढकलून सुटला की सरळ रेषेत, एकाच वेगाने जातो, दुसरं काही हाताला लागेपर्यंत. म्हणून दोन चित्रांमधलं अंतर सारखं ठेवायचं. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी हळू, ही शिकलेली सवय इथे सोडावी लागते. सॉफ्टवेअर मात्र ती आपणहून लावतं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन्ही की-फ्रेम, म्हणजे हालचालीची सुरुवात आणि शेवट ठरवणाऱ्या फ्रेम, निवडा, टी दाबा आणि लिनिअर, म्हणजे एकसारखा वेग, करा. मग एकच चित्र सरळ सरकवलं तरी चालतं. केस मात्र बांधूनच ठेवा. मोकळे केस तरंगवायचे म्हटले तर प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढावं लागतं.

खिडकीचंही लक्षात घ्या. चारशे किलोमीटर उंचीवरचं स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. म्हणजे लढाईच्या आदली रात्र अशी रात्रच तिथे नसते. साधारण पंचावन्न मिनिटं ऊन, मग पस्तीसेक मिनिटं अंधार. खिडकीच्या पार्श्वभूमीचे दोन रंगसंच करून ठेवा, एक उजेडाचा, एक काळोखाचा. संवादाच्या मध्ये रंग बदलला की वेळ किती सरला ते वेगळं सांगावं लागत नाही.

दिशा हा तर लढाईचा प्राण. अंतराळात वर-खाली नसतं, त्यामुळे बघणारा पाच सेकंदांत हरवतो. नकाशाच्या दृश्यातच ठरवून टाका: पृथ्वी कायम पडद्याच्या खालच्या बाजूला, आपली यानं डावीकडून उजवीकडे, शत्रू उजवीकडून डावीकडे. आणि हे पुढच्या भागातही मोडायचं नाही. कच्च्या रेखाचित्रांना आवाज जोडून जो ॲनिमॅटिक करतात, तो शेजारच्या दोन पोरांना दाखवा आणि विचारा, शत्रू कुठून येणार? दोघांनी एकाच दिशेला हात केला तर पुढे जा. नाही केला तर नकाशाचं दृश्य पुन्हा लिहा. रंग भरून झाल्यावर हे कळलं तर वीस-पंचवीस दिवसांचं काम पाण्यात गेलं समजा.

यानाच्या भागांसाठी इंटरनेटवरची चमचमीत चित्रं कशाला धुंडाळता? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन तासभर बसा. हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा किती सावकाश बाहेर येतो, सील बदलताना कारागीर बोटानं खाच कशी चाचपतो, नट आवळताना खांदा कुठे वळतो, हे वहीत उतरवून घ्या. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. तिथे काम करणारा कुणी घरात असेल तर त्याला तुमची चित्रं दाखवा, दार उलटं उघडतंय हे तो लगेच सांगेल. सूट घालायचा प्रसंगही घाईत उरकू नका. अंतराळवीराच्या सुटात हवेचा दाब आपल्या नेहमीच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो. आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढला नाही, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात. तुमचा नायक पाच सेकंदांत सूट चढवून बाहेर उडी मारत असेल तर मारू दे, पण मग त्याचे सांधे लढाईत धरू देत.

पार्श्वभूमी रंगवायला माणूस हवा असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथांचे पडदे रंगवणाऱ्यांना विचारा. लांबून, चालत्या ट्रॉलीवर, एका नजरेत काय दिसतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याकडून पृथ्वी, चंद्र आणि तारे वेगवेगळ्या थरांवर करून घ्या. तारे जवळपास हलूच नयेत, यानाचा कठडा जोरात सरकावा. कॅमेरा आडवा फिरवताना एखादी वस्तू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सात सेकंदांहून कमी घेत असेल, तर 24 फ्रेममध्ये ती धडधडत जाताना दिसते. आणि पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकतेय पण माणूस दोन फ्रेमला एकदा, असं झालं की माणूस थरथरतो. अशा शॉटमध्ये त्यालाही दर फ्रेमला सरकवा.

आवाज चित्राच्या आधी रेकॉर्ड करा. पंखा बंद, खिडकीला गोधडी, माईक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका. कणकुंबी-जांबोटीकडे घर पत्र्याचं असेल तर जूनच्या आधीच उरका, नंतर पाऊस तुम्हाला एक वाक्य धड बोलू द्यायचा नाही. ओठांची चित्रं सहा-सात पुरतात. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटलेले, आ ला उघडे, ई-ए ला ताणलेले, ओ-ऊ ला गोल, बाकीच्यांना अर्धवट. मिटलेल्या ओठांचं चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा. उशिरा आलं तर लगेच डोळ्याला खटकतं. मला विचाराल तर निम्म्या शॉटमध्ये हेल्मेटची काच चकाकती ठेवा, ओठ दिसायलाच नकोत. त्याचा दुसरा उपयोग पुढे सांगतो.

बाहेरच्या पोकळीत आवाज जात नाही, त्यामुळे दार उघडलं की सगळं गप्प आणि फक्त श्वास. आत मात्र यंत्रखोली घुमली पाहिजे. वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागाचा खडखडाट रेकॉर्ड करा आणि त्याचा वेग निम्म्यावर आणा. असं इंजिन विकत घेतलेल्या आवाजांत मिळत नाही.

शेवटी रेंडर, म्हणजे संगणकाकडून पक्की चित्रं काढून घेणं. एकदम व्हिडिओ फाईल काढू नका, पीएनजी चित्रांची मालिका काढा, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी फाईल. 5,000 व्या फ्रेमला लाईट गेली तर त्याच फ्रेमपासून पुढे चालू करता येतं. व्हिडिओ काढत असाल तर पहिल्यापासून. वीसेक जीबी जागा मोकळी ठेवा.

आणि संवादाचा ट्रॅक, संगीताचा ट्रॅक, यंत्रांचा ट्रॅक, हे तिन्ही वेगळे जपून ठेवा. आपल्या गल्लीत निम्मी पोरं कन्नड बोलणारी. हेल्मेटची काच चकाकती ठेवली असेल आणि संवाद वेगळा असेल, तर त्याच चित्रांवर आठवड्याभरात कन्नड आवाज चढतो. कन्नड वाक्य जिथे लांबेल असं वाटतं, तिथे मराठी वाक्यानंतर दहा-बारा फ्रेम मोकळ्या सोडा. हे ॲनिमॅटिक करतानाच करायचं, कारण नंतर शॉट ताणला की संगीताचा ठेका चुकतो.

नमस्कार.