तर, सांगड आणि ऐलतीर

[दृश्य: सकाळ, दाभोळचा धक्का. फेरीबोट काठाला लागते.]

दाभोळहून धोपाव्याला जायचं तर मध्ये वाशिष्ठीची खाडी. आता गाडीसकट फेरीबोटीत चढलं की झालं. पण कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'तर' असते. "तर लागली काय?" मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशातही तर म्हणजे पलीकडे नेणारी होडी. मोक्षाबिक्षाचं नाव नाही.

आणि याच घरातून, संस्कृतातल्या 'तृ' धातूतून, तीर्थ आलं. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरायची, पार व्हायची जागा; पावित्र्य मागाहून चिकटलं. अवतारही त्याच घरचा. आणि बोटीतला उतारूसुद्धा! तिकीट हातात धरून तो राम-कृष्णांच्या पंगतीला बसलाय; भाषा पंक्तिभेद मानत नाही.

[दृश्य: खाडीत डोलणाऱ्या दोन होड्या.]

दोन होड्या शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, की झाली सांगड. आज व्याख्यानात ज्ञान आणि भक्तीची 'सांगड' घालतात, तेव्हा होडी कुणाच्याच डोळ्यांपुढे नसते. हा शब्द ताणला गेला नाही, विरला.

ताणणं कसं असतं ते ज्ञानेश्वरीत बघावं. गीतेच्या सातव्या अध्यायात, चौदाव्या श्लोकात, माया 'तरण्या'ची गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये त्या एका क्रियापदावर अख्खी नदी उभी केली. पूर आहे, भोवरे आहेत, मासे आहेत. तिन्ही वेदांची सांगड घेऊन निघालेलेही बुडतात, कारण बरोबर अहंभावाचे धोंडे. इथली सांगड खरीच होडीची आहे, ओली.

मग तरतं कोण? सर्वभावाने भजणारा. त्याला पाणी 'ऐलीच थडी' सरलं. अलीकडच्या काठावरच नदी संपली. होडीत पाय न ठेवता माणूस तरला!

इथे कोशातला अर्थ मोडला का? मला तसं वाटत नाही. ज्याने ओहोटीच्या ओढीत होडी फिरताना पाहिली आहे, पोटात गोळा आलेला आहे, त्यालाच 'ऐलीच थडी' ऐकून दचकायला होतं. होडीचा अर्थ सुटला, की उरते नुसती गोड ओवी.

[दृश्य: भोंगा. फेरीबोट सुटायच्या बेतात.]

धक्क्यावर एक म्हातारी पिशवी सावरत घाईने येतेय. तिला धोपाव्यालाच जायचंय.