हृदयाला छिद्र: बाळाची धाप कमी झाली म्हणून तपासणी चुकवू नका

नमस्कार मंडळी.

"डॉक्टर, पहिले काही महिने फार हाल झाले बाळाचे. पण आता धाप लागत नाही, सारखा न्यूमोनिया होत नाही, म्हणून मधल्या तपासणीला आलोच नाही." हृदयाला छिद्र असलेल्या मुलांचे आईवडील हे सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं, आणि माझ्या पोटात गोळा येतो. का, ते आज नीट समजावून सांगतो.

हृदयाचे चार कप्पे. वर दोन, खाली दोन. उजव्या-डाव्या कप्प्यांमध्ये पडदा असतो. हे पडदे गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच तयार होतात. पडद्याचा एखादा भाग जुळायचा राहिला की छिद्र राहतं. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळेपर्यंत हे काम सुरूही झालेलं असतं. त्यामुळे ग्रहणात भाजी चिरली, जिना चढली, पपई खाल्ली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. गरोदरपणी झालेला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, जवळच्या नात्यातलं लग्न यांनी धोका वाढतो हे खरं. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत ठोस असं एक कारण सापडतच नाही.

आता खालच्या पडद्यातलं मोठं छिद्र घेऊ. जन्माच्या वेळी बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त जात नाही. पहिल्या महिना-दोन महिन्यांत त्या सैल होतात. मग डावीकडचं रक्त जोराने उजवीकडे आणि तिथून फुप्फुसात लोटलं जातं. म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना सगळं नॉर्मल असलेलं बाळ सहाव्या-आठव्या आठवड्यात दमायला लागतं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रही अशा वेळी चांगला आकडा दाखवतं, कारण बाळ निळं नसतं, चांगलं गुलाबी असतं.

बघायचं कुठे? बाळ अंगावर पीत असताना. थोडं ओढतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं. पंखा चालू असताना कपाळावर घामाचे थेंब. दहा-पंधरा मिनिटांत थकून झोपतं आणि थोड्या वेळात भुकेने पुन्हा रडतं. दूध अंगाला लागत नाही, वजन वाढत नाही. बाळ शांत झोपलं की कपडा वर करून पोटाकडे बघा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता त्या समाधानाकडे येऊ. जास्तीच्या रक्ताचा मारा महिनोन्महिने सोसून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. तिथला दाब वाढतो, म्हणून छिद्रातून जाणारं रक्त कमी होतं. धाप कमी होते. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाजसुद्धा मंदावतो. घरच्यांना वाटतं छिद्र बुजलं! छिद्र तेवढंच असतं, फुप्फुस बिघडत चाललेलं असतं. पुढे रक्ताचा प्रवाह उलटतो आणि ओठ, नखं निळी पडतात. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १८९७ साली अशा ३२ वर्षांच्या एका रुग्णाचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून या अवस्थेला त्यांचंच नाव आहे. इथवर पोचल्यावर छिद्र बंद करता येत नाही, केलं तर जिवावर बेततं. बाईला ही अवस्था आली तर गरोदरपणही जिवाला धोक्याचं ठरतं. म्हणून मोठं छिद्र साधारण पहिल्या वर्षाच्या आतच बंद करायचं असतं. "थोडं मोठं होऊ दे, अंग धरू दे" यात नेमका तोच काळ निघून जातो.

पण छिद्र म्हटलं की ऑपरेशन, असंही नाही. खालच्या पडद्यातली लहान छिद्रं पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. छिद्र लहान असेल तर आवाज उलट मोठा येतो, त्याने घाबरू नका. आपल्यापैकी साधारण चौघांतल्या एकाच्या वरच्या पडद्यात गर्भातली एक फट मोठेपणीही थोडी उघडी राहते, आणि बहुतेकांना तिचा आयुष्यभर काही त्रास होत नाही.

वरच्या पडद्यातलं खरं छिद्र मात्र गुपचूप राहतं. शाळा, लग्न, नोकरी सगळं पार पडतं आणि पस्तिशी-चाळिशीत जिना चढताना दम लागायला लागतो, छातीत धडधडतं. वजन वाढलंय, रक्त कमी असेल, म्हणून वर्षं जातात. हे छिद्र बायकांमध्ये जास्त आढळतं, आणि आपल्या दमण्याकडे घरात सगळ्यांत शेवटी बघते ती बाईच. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, ताई. वेळेवर सापडलं आणि जागा सोयीची असली तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून, बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्यांनी ते बंद करतात. छाती उघडावी लागत नाही, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात.

जागा तशी नसेल तर शस्त्रक्रिया. हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात केली, ती १८ वर्षांच्या मुलीच्या अशाच छिद्राची. तेव्हापासून हे काम खूप सुरक्षित झालंय. मुलगी आहे, छातीवर व्रण राहील, स्थळं येणार नाहीत, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणारी घरं मात्र अजून भेटतात. फार वाईट वाटतं.

पैशाचं बोलू. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, हृदयाचा जन्मजात दोष त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडी ताईंना विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काउंटर योजनेतल्या रुग्णालयांत असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात.

आणि इको झाल्यावर डॉक्टरांना विचारा: छिद्र कुठल्या पडद्यात आहे, किती मिलिमीटर आहे, फुप्फुसातला दाब किती आहे, पुढचा इको कोणत्या महिन्यात करायचा. उत्तरं फाइलवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बाळ खेळत असलं, हसत असलं, तरी त्या महिन्यात जायचंच.