पावसाच्या पलीकडची गावे

श्रोतेहो, नमस्कार.

नेपाळमधील मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन आलेले एखादे तरी मराठी कुटुंब आपल्या ओळखीत असेल. पोखऱ्याहून जीपने किंवा जोमसोमपर्यंत छोट्या विमानाने जायचे, 108 धारांखाली स्नान करायचे आणि शाळिग्राम घेऊन परतायचे, असा या यात्रेचा साधारण क्रम असतो. आज मी त्याच मुक्तिनाथाकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेविषयी बोलणार आहे. ही वाट पूर्वेकडून, मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर चढते, मनांगच्या उंच खोऱ्यातील गावांमधून जाते आणि 5,416 मीटर उंचीची थोरांग ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथाच्या मागच्या बाजूने खाली उतरते. अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारी म्हणून ट्रेकर मंडळी तिला अन्नपूर्णा सर्किट म्हणतात. लमजुंग जिल्ह्यातील बेसीसहर येथून निघून, प्रकृती सांभाळत, घाई न करता चालले तर मुक्तिनाथापर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात.

या वाटेची वर्णने बहुधा शिखरांच्या उंचीने भरलेली असतात. अन्नपूर्णेचे मुख्य शिखर 8,091 मीटर उंच आहे, आणि 3 जून 1950 रोजी मोरिस हेर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक त्यावर पोहोचले तेव्हा आठ हजार मीटरहून उंच असलेल्या शिखरावर माणसाचे पाऊल पहिल्यांदाच पडले, ही माहिती महत्त्वाची आहेच. परंतु या वाटेवरची गावे समजून घ्यायची असतील तर शिखरांपेक्षा पावसाचा हिशेब अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. पोखऱ्याजवळच्या लुमले या गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्याही आत असलेल्या जोमसोमला तीनशे मिलिमीटरदेखील पडत नाही. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावरून माणदेशाकडे उतरताना हाच फरक आपल्याला जाणवतो. मात्र इथे ढग अडवणारी भिंत सात-आठ हजार मीटर उंच आहे, आणि आपण ती भिंत चालत वळसा घालून ओलांडतो.

सुरुवातीचे दिवस भिंतीच्या ओल्या बाजूला जातात. डोंगरउतारावर भाताची खाचरे, त्यांच्या वर कोदो, म्हणजे आपली नाचणी, आणि गुरुंग लोकांची उतरत्या छपरांची घरे, असे दृश्य असते. ही छपरे दगडाच्या पातळ फरश्यांची असतात आणि पाणी थांबणार नाही इतकी तिरकी असतात. ताल या गावापाशी मनांग जिल्हा सुरू होतो, हळूहळू भात मागे पडतो, पाइनची जंगले लागतात आणि 2,670 मीटरवरचे चामे हे जिल्ह्याचे मुख्य गाव येते. येथवरच्या प्रवासाबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण आता जीपचा रस्ता मनांगपर्यंत गेला आहे आणि खालच्या टप्प्यात वाट आणि रस्ता वारंवार एकमेकांत मिसळतात. धूळ खात चालण्यापेक्षा चामेपर्यंत गाडीने जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. चामेच्या पुढे मात्र पायीच जावे.

चामेनंतर पाउंगदा डांडा नावाचा प्रचंड खडक लागतो. नदीच्या पात्रापासून दीड हजार मीटरहून अधिक उंच गेलेला हा गुळगुळीत, अंतर्वक्र कडा म्हणजे एकच अखंड शिळा वाटावी असा आहे. त्याच्या पलीकडे वळले की हवेतला ओलावा कमी होतो, झाडे खुजी होतात, आणि पिसांग गाव दिसू लागते तेव्हा पहिल्यांदा सपाट छपरे नजरेस पडतात. सोलापूर किंवा मराठवाड्याकडच्या श्रोत्यांना ही घरे परकी वाटणार नाहीत, कारण ती चक्क माळवदाची घरे आहेत. दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि वर दाबून बसवलेली माती. खालच्या मजल्यावर गुरे, वरच्या मजल्यावर माणसे, आणि एकाच ओंडक्याला खाचा पाडून केलेल्या शिडीने माळवदावर जायचे. तिथे धान्य वाळते, मळणी होते, कडेने सरपण रचलेले असते आणि हिवाळ्यात म्हातारी माणसे उन्हाला बसतात. पाऊस जवळजवळ नाहीच, हे गृहीत धरून शेकडो वर्षांपूर्वी ठरलेली ही रचना आहे.

पिसांगपासून मनांगला जायला दोन वाटा आहेत. खालची वाट नदीकाठाने, जीपच्या रस्त्याबरोबर जाते आणि सोपी आहे. वरची वाट घ्यारू आणि ङावल या गावांतून जाते, आणि घ्यारूची चढण दम काढणारी आहे. तरीही ज्याची प्रकृती ठीक आहे त्याने वरचीच वाट धरावी, असा माझा आग्रह राहील. घ्यारू सुमारे 3,670 मीटरवर आहे. तिथल्या घरांच्या ओळी डोंगराला इतक्या चिकटून आहेत की एका घराचे छप्पर हे वरच्या घराचे अंगण होते, आणि समोर अन्नपूर्णा दोन हे 7,937 मीटरचे शिखर मध्ये काहीही अडथळा न येता उभे असते. गावाच्या वेशीवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या मानी भिंती असतात. त्यांच्या बाजूने जाताना त्या आपल्या उजव्या हाताला ठेवायच्या, म्हणजे आपण देवळात घालतो तशीच प्रदक्षिणा होते. शेते लहान आहेत आणि वर्षाला एकच पीक निघते: फापर, जव आणि बटाटे. फापर म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारा कुट्टू. आकाशातून येणारे पाणी पुरत नाही, म्हणून बर्फ वितळून येणारे पाणी दगडी चरांमधून शेतांपर्यंत आणावे लागते. अशा ठिकाणी धान्य किती मोजून मापून असेल, याची कल्पना 1950 सालच्या फ्रेंच मोहिमेला आली. शिखराची वाट शोधताना हेर्झोग काही सोबत्यांसह तिलिचो तळ्याच्या बाजूने मनांगकडे उतरला होता आणि तिथे विकत घेण्यासारखे अन्न त्याला जवळजवळ मिळालेच नाही.

जमिनीने भागत नाही, म्हणून मनांगचे लोक व्यापाराला निघाले. नेपाळच्या राजांनी त्यांना व्यापाराच्या खास सवलती दिल्या होत्या आणि विसाव्या शतकात या दुर्गम खोऱ्यातील व्यापारी सिंगापूर, बँकॉकपर्यंत पोहोचले होते. त्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे काठमांडूत स्थायिक झाली, त्यामुळे गावांत काही घरांना कायमचे कुलूप दिसते. उरलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांचे आता लॉज झाले आहेत. परदेशी ट्रेकरांसाठी हे खोरे 1977 साली खुले झाले, आणि 1986 पासून अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्पाचे काम सुरू झाले. 7,629 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र असून, त्यात गावे हटवण्याऐवजी गावकऱ्यांच्या समित्यांकडेच जंगलाची आणि वाटांची जबाबदारी देण्यात आली. लॉजमध्ये खोलीचे भाडे अगदी थोडे असते. मात्र जेवण तिथेच घ्यायचे, हा अलिखित करार असतो. मेनूकार्डावर पिझ्झाही असतो आणि साडेतीन हजार मीटरवर तो मागवणारेही असतात. त्यांच्याविषयी मी एवढेच म्हणेन की तेथे उगवलेला बटाटा आणि फापराची रोटी यांना त्या हवेत जी चव येते ती खालून गाडीने आणलेल्या चीजला येत नाही.

मनांग गाव सुमारे 3,540 मीटरवर आहे. इथे एक पूर्ण दिवस थांबायचे असते, आणि या थांबण्याला शास्त्रीय आधार आहे. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा सर्वमान्य नियम आहे. थोरांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही जवळजवळ निम्माच असतो. शरीर या फरकाशी जुळवून घेते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. ते जुळले नाही तर जो विकार होतो त्याला नेपाळी लोक लेक लागणे म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत. ती अंगावर काढून वर चढत राहिल्यास मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसांत पाणी साठू शकते, आणि मग ताबडतोब खाली उतरणे हाच खरा उपाय उरतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही 1973 साली स्थापन झालेली संस्था मनांगमध्ये हंगामात दवाखाना चालवते, आणि तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकरांना या विषयावर माहिती देतात. हे व्याख्यान चुकवू नये. जीपने एक-दोन दिवसांत इथवर आलेल्यांना तर त्याची गरज सर्वांत अधिक असते. विश्रांतीच्या दिवशी गंगापूर्णा शिखराच्या पायथ्याच्या तळ्यावर जाऊन यावे. हिमनदी मागे हटल्यामुळे हे तळे तयार झाले आहे. किंवा थोडे मागे ब्रागा गावी जाऊन कड्याला लगटून उभा असलेला जुना मठ पाहावा.

मनांगच्या पुढे कायमची गावे संपतात. याक खर्क हे नावाप्रमाणे याकांच्या चराईचे माळ आहे, आणि थोरांग फेदी म्हणजे खिंडीचा पायथा. फेदीहून लोक पहाटे अंधारात निघतात, कारण सकाळ सरताना खिंडीत वारा सुटतो. चढ दिसायला सौम्य आहे, पण एक माथा चढून गेले की पुढे दुसरा दिसतो. खिंडीत पताका, एक पाटी आणि चहाची झोपडी आहे, आणि तिथून पलीकडे सुमारे सोळाशे मीटरचा उतार एका दमात उतरायचा असतो. माझ्या मते गुडघ्यांची खरी परीक्षा चढावर नसून या उतारावर होते.

पाऊस अडवणारी ही भिंत कधी कधी अपुरी पडते. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, आणि त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत दोनच दिवसांत हिमालयात पोहोचले. ऑक्टोबर हा इथला सर्वांत निरभ्र आणि म्हणून सर्वांत गर्दीचा महिना. 14 तारखेला खिंड ओलांडण्यासाठी निघालेले लोक हिमवादळात सापडले, वाट दिसेनाशी झाली, आणि त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत परदेशी ट्रेकरांबरोबर भारतीय होते, तसेच स्थानिक गाइड आणि ओझी वाहणारे भरियाही होते. तेव्हापासून मी ऑक्टोबरात या भागात जाऊ इच्छिणाऱ्यांना एकच गोष्ट सांगतो: काठमांडूच्या हवामानाइतकेच बंगालच्या उपसागराकडेही लक्ष ठेवा, आणि तिथे वादळ असेल तर मनांगमध्येच मुक्काम वाढवा.

खिंडीच्या पलीकडे मुक्तिनाथ सुमारे 3,800 मीटरवर आहे. उघड्याबोडक्या, पिवळट डोंगरात अचानक झाडांचा हिरवा पुंजका दिसतो, आणि जवळ गेल्यावर कळते की तिथे झरे आहेत. या कोरड्या मुलखात पाणी जिथे जमिनीतून वर आले तिथेच देवस्थान झाले, हे मला फार स्वाभाविक वाटते. देवळामागच्या भिंतीतून 108 मुखांतून बर्फासारखे गार पाणी पडते. जवळच ज्वालामाईच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जमिनीतील नैसर्गिक वायूची ज्योत पाण्यालगत तेवत असते. वैष्णव याला 108 दिव्य देशांत, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांत, मोजतात, बौद्ध लोक त्याला गुरू पद्मसंभवाशी जोडतात, आणि देवस्थानाची देखभाल बौद्ध भिक्षुणीही करतात. पुढे काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम मिळतात. आपल्याकडे तुळशीच्या लग्नात पाटावर बसणारा हा काळा दगड म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या टेथिस समुद्रातील शंखधारी जीवाचा जीवाश्म आहे.

मुक्तिनाथाहून बहुतेक लोक थेट जीप पकडतात. शक्य असेल त्याने कागबेनीमार्गे मार्फापर्यंत चालावे. मात्र पहाटे लवकर निघावे, कारण सकाळ सरता सरता काली गंडकीच्या खोऱ्यात दक्षिणेकडून जोरदार वारा वाहू लागतो. जोमसोमची विमाने सकाळीच उडतात ती याच कारणाने. मार्फा हे थकाली लोकांचे गाव आहे, पांढऱ्या रंगाने सारवलेल्या भिंतींचे, सफरचंदाच्या बागांचे. तिथल्या फरसबंद गल्ल्यांखालून पाण्याचे पाट वाहतात आणि गल्ल्या वळणावळणाच्या असल्यामुळे वारा आत येता येता मोडतो. तिबेटच्या मिठाचा आणि दक्षिणेकडच्या धान्याचा व्यापार थकाली व्यापाऱ्यांच्या हाती होता. 1960 नंतर तो आटला, आणि या हुशार लोकांनी खानावळी आणि फळबागा सुरू केल्या.

गेल्या काही वर्षांत या गावांचा पावसाचा जुना हिशेब चुकू लागला आहे. जून 2021 मध्ये मनांग जिल्ह्यात अतिवृष्टीने मर्स्यांगदीला पूर आला आणि चामे, ताल या गावांचे मोठे नुकसान झाले. ऑगस्ट 2023 मध्ये कागबेनीत चिखलमातीचा लोंढा घुसला आणि घरे, पूल वाहून गेले. मातीच्या माळवदांना असा पाऊस झेपत नाही. पाणी मुरते, तुळया कुजतात, आणि मग घरमालक माळवदावर पत्रे चढवतो. पत्र्याचे छप्पर तिरके असते, त्यामुळे त्यावर फापर वाळवता येत नाही, सरपण रचता येत नाही आणि उन्हालाही बसता येत नाही. ही सगळी कामे खाली अंगणात आणावी लागतात, आणि डोंगराला चिकटून, एकमेकांच्या डोक्यावर बांधलेल्या या घरांना वेगळे अंगण नाही.