एम.ए.ची ८८ क्रेडिट

श्रोतेहो, नमस्कार. बी.ए.चा निकाल लागला की धरणगाव असो, शिरपूर असो की तळोदा, घरात पहिला प्रश्न निघतो : एम.ए.ला पेपर किती? २०२३-२४ पासून आपल्या राज्यात एम.ए.ला नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला आहे. तेव्हा आता मोजायची ती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर ठरणारे श्रेयांक.

दोन वर्षं, चार सेमिस्टर, दर सेमिस्टरला २२ क्रेडिट, एकूण ८८. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. मुख्य विषयाच्या सक्तीच्या पेपरांना ५४ क्रेडिट, इलेक्टिव्हला, म्हणजे निवडीच्या पेपरांना, १६. उरली १८, आणि मुलं अडकतात ती या अठरांतच. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीची ४, दुसऱ्याला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम) किंवा फील्ड प्रोजेक्टची ४, तिसऱ्याला संशोधन प्रकल्पाची ४ आणि चौथ्याला त्याचीच ६.

ओजेटीचं एक क्रेडिट ३० तासांचं. म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. रोज सहा तास दिले तरी वीस दिवस भरतात. परीक्षा तोंडावर आल्यावर पत्र घेऊन पळापळ केली तर हे तास भरणं शक्य नाही. पहिलं सेमिस्टर संपताच विभागाचं पत्र घ्या, संस्थेचं संमतीपत्र आणा आणि येण्या-जाण्याची वेळ रोज सहीनिशी लिहून ठेवा. बऱ्याच प्रमाणपत्रांवर ‘काम समाधानकारक’ एवढंच असतं, तासच नसतात. तास लिहून घेतल्याशिवाय कागद हातात घेऊ नका.

जागा कुठे शोधायची? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुन्या पोथ्या जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. अमळनेरला १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान केंद्र आहे. इतिहास, मराठी, तत्त्वज्ञानाच्या मुलांनी तिथे आधी जाऊन विचारावं. एका जुन्या पोथीची नोंद करायची तरी किती गोष्टी पाहाव्या लागतात : पानं किती, लांबी-रुंदी किती सेंटिमीटर, पानावर ओळी किती, लिपी बाळबोध की मोडी, कडा कसरीने खाल्ल्यात का, शेवटच्या पानावर लेखनिकाचं नाव आणि शक आहे का. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतो. अशा पन्नास नोंदी नीट केल्या, तर अहवाल लिहायला वेगळा मजकूर शोधावा लागत नाही.

प्रकल्पात घोटाळा होतो तो विषयापाशी. ‘खानदेशातील लोकसाहित्य’ हा विषय दहा क्रेडिटमध्ये मावत नाही. एक गाव घ्या, आठ-दहा म्हाताऱ्या बाया, त्यांच्या जात्यावरच्या ओव्या. रेकॉर्डिंग करण्याआधी त्यांची परवानगी घ्या. गाव, वय, तारीख लगेच टिपा. आणि अहिराणी जशी कानावर पडली तशीच लिहा. आपली पोरं घाईत तिची प्रमाण मराठी करून टाकतात, तिथे पुरावाच नाहीसा होतो. अर्थ लागेल तसा बाजूला द्यावा, ओवीला हात लावू नये.

एका पेपरात नापास झालं तर त्याचं एकही क्रेडिट मिळत नाही, अर्धी वगैरे भानगड नाही. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स घेऊन सेमिस्टरची ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवण्याची मुभा यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत आहे. पण तो कोर्स आपल्या कोणत्या पेपरऐवजी धरणार, हे नाव नोंदवण्याआधी विभागाकडून लेखी घ्या. परीक्षेची फी वेगळी भरावी लागते, तिची मुदत चुकली तर नुसत्या असाइनमेंटचा उपयोग होत नाही.

लग्न, नोकरी, घरची शेती, कारण काहीही असो, ज्यांना एका वर्षानंतर थांबावं लागतं त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट पूर्ण असतील तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरली जातात. हे माहीत नसल्यामुळे किती मुली केलेलं वर्ष वाया गेलं असं समजून बसतात!

त्या बँकेचा बारा आकडी आयडी डिजिलॉकरवर निघतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं, अशाने जुळणी अडते. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी बारावीची गुणपत्रिका, बी.ए.ची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.